हिरवी तबकडी

२००३ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका दुकानातून मी शनाया ट्वेनचा 'अप!' हा अल्बम आणला. डबीत दोन सीडी निघाल्या, एक लाल, एक निळी. दोन्हींवर गाणी तीच, एकोणीसच्या एकोणीस. शब्द तेच, गळाही तोच. लाल सीडीवर बाईंच्या मागे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम दणदणत होते. निळीवर त्याच ओळींखाली कुणीतरी आपल्या वळणाचा ठेका सोडून दिला होता. आई मेथी निवडत बसली होती. निळीवरची दोन गाणी झाल्यावर म्हणाली, "हिला आपल्याकडचं कुणीतरी भेटलेलं दिसतंय."

भेटलं होतंच. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे सायमन आणि डायमंड दुग्गल हे दोघे भाऊ त्या निळ्या सीडीमागे होते. खरा धक्का मला नंतर बसला. या अल्बमची तिसरी, हिरवी सीडीसुद्धा होती. तिच्यावर हीच गाणी फिडल, बँजो आणि स्टील गिटारच्या साथीनं होती, म्हणजे ज्या कंट्री संगीतातून ही बाई वर आली त्याच्या साजात. ती उत्तर अमेरिकेत लाल सीडीबरोबर मिळायची. उरलेल्या जगाच्या वाट्याला लाल आणि निळी. उकडीचे मोदक मागवावेत आणि सारण काढून नुसती पारी हातात यावी, तसं मला झालं.

पुढची वीस वर्षं मी कंट्री पॉपचे अल्बम ऐकत आलो ते त्या हिरव्या सीडीच्या खुन्नशीनं, असं म्हटलं तरी चालेल. ऐकता ऐकता एक खोड लागली. अल्बम कुठल्याही दशकातला असो, मी आधी स्टील गिटार शोधतो. आहे की नाही, असली तर किती वेळ, कोणत्या जागी आणि कुणाच्या हट्टानं. 'हे कंट्री आहे की नाही' हा तिकडे सत्तर वर्षं चाललेला भांडणतंटा मला त्या एका वाद्यात ऐकू येतो.

*

हे वाद्य आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोरानं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून लोखंडाचा तुकडा सरकवून बघितला, अशी गोष्ट सांगतात. पडद्यांवर बोटं दाबायची भानगडच नाही. सूर एका जागेवरून दुसरीकडे घसरत जातो. ही हवाईयन गिटार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकाभर पसरली आणि टेनेसी-टेक्सासच्या गावरान बँडांत जाऊन बसली. ती आपल्याकडेही आली. हवाईचं ताऊ मो यांचं कुटुंब चाळीसच्या दशकात कलकत्त्यात मुक्कामाला होतं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत हजारा सिंग होते, व्हॅन शिप्ले होते. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या शेजारी ब्रिजभूषण काब्रा हेच वाद्य घेऊन बसले होते. आणि रेडिओवर दोन कार्यक्रमांमधली मोकळी दोन-तीन मिनिटं भरायला सिनेमाच्या चाली याच गिटारवर लागायच्या. पन्नाशीपुढच्या वाचकांच्या कानात त्या अजून असतील.

अमेरिकनांनी तिला पायाखालची पेडल जोडली. पेडल स्टील म्हणजे पायांच्या चौकटीवर आडव्या ताणलेल्या दहा तारा. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांना नख्या, पायाखाली पेडल, गुडघ्यांशी दांड्या. वादक शिवणयंत्रावर बसल्यासारखा दिसतो. पेडल दाबलं की वाजत्या तारांपैकी एखाद-दुसरी ताणली जाते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. तीन सूर एकत्र वाजत असतात, त्यातला एकच मींड घेत वर चढतो आणि उरलेले दोघे त्याच्याकडे बघत थांबलेले असतात. १९५४ मध्ये वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सनं हे करून दाखवलं आणि नॅशव्हिलमधले बाकीचे स्टीलवाले आपापल्या वाद्याला पेडल बसवायच्या मागे लागले. लोक या आवाजाला रडका म्हणतात. मला तो चारचौघांत रडू आवरून धरलेल्या माणसाचा वाटतो.

तर हा आवाज असा अंगावर येणारा. शहरी श्रोत्याला तो दोन सेकंदांत सांगतो की गाणं खेड्यातलं आहे. म्हणूनच पैसे कमवायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर.

*

चार वर्षांपूर्वी अटलांटाला आत्तेभावाकडे गेलो होतो. त्याच्या मागे लागून नॅशव्हिल गाठलं. त्याला कंट्री संगीतात काडीचा रस नाही, त्यामुळे चार तास गाडीत मी बोलत होतो आणि तो जीपीएस ऐकत होता. तिथलं कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम म्हणजे मोठं झगमगीत संग्रहालय. तिथून बसनं आरसीए स्टुडिओ बी बघायला नेतात. १९५७ साली बांधलेली बुटकी, विटांची, कुणी बोट दाखवलं नाही तर गोदाम समजून पुढे जावं अशी इमारत. आत जमिनीवर निळ्या पट्टीची फुली आहे. आवाज जिथे सगळ्यात चांगला लागतो ती जागा वादकांनी कानानं शोधून खूण करून ठेवली. बाहेरच्या भिंतीवर विटा पोचलेल्या दिसतात. तरुण डॉली पार्टन रेकॉर्डिंगला उशीर झाला म्हणून घाईत आली आणि गाडी थेट भिंतीवर घातली, त्याची ती खूण. भिंत कुणी दुरुस्त केलेली नाही, उलट पर्यटकांना मुद्दाम दाखवतात. आत्तेभावाला सगळ्या नॅशव्हिलमध्ये एवढी एक गोष्ट आवडली.

या स्टुडिओचा कारभार चेट अ‍ॅटकिन्सकडे होता. तिथून जवळच सोळाव्या रस्त्यावर ओवेन आणि हॅरॉल्ड ब्रॅडली या भावांनी एका घराला लष्करातून निकालात निघालेली अर्धगोल पत्र्याची शेड जोडून स्टुडिओ केला होता. या दोन जागांमधून 'नॅशव्हिल साउंड' नावाचा प्रकार निघाला. कारण साधं होतं. १९५६ नंतर एल्व्हिस प्रेस्ली आणि रॉक अँड रोलनं तरुण गिऱ्हाईक पळवलं होतं, रेडिओ केंद्रं कंट्री लावायची बंद होत होती. तेव्हा अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली यांनी मोठ्यांचं गिऱ्हाईक धरायचं ठरवलं. फिडल काढली, तिच्या जागी व्हायोलिनांचा ताफा आणला. नाकातून गाणाऱ्यांना छातीतून गायला लावलं. मागे जॉर्डनेअर्स या गायकवृंदाचा 'ऊऽऽ' आणि फ्लॉइड क्रेमरचा, शेजारच्या सुरावरून घसरून मुक्कामी येणारा पियानो. नॅशव्हिल साउंड म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर अ‍ॅटकिन्सनं खिशातली नाणी खुळखुळवून दाखवली, ही तिथली पेटंट गोष्ट. हेच अ‍ॅटकिन्स पुढे, आपण कंट्रीला शहराकडे जरा जास्तच ओढलं, अशी कबुलीही देऊन बसले.

तीन तासांचं सत्र, त्यात चार गाणी उरकायची, असा तिथला रिवाज. ते जमायचं एका युक्तीमुळे आणि ती आपल्या माणसाला चटकन कळेल. जॉर्डनेअर्समधल्या नील मॅथ्यूजनं कॉर्डना नावांऐवजी आकडे द्यायला सुरुवात केली: एक, चार, पाच. गायिकेनं आयत्या वेळी पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो. काळी एक असो की पांढरी चार, सा तो सा. नोटेशन वाचणाऱ्या पाश्चात्त्य वादकांच्या देशात या मंडळींनी आपला सरकता सा स्वतःच शोधून काढला होता, हे समजल्यावर मला उगीचच अभिमान वाटला.

पॅट्सी क्लाइन हे या सगळ्याचं सोनं. व्हर्जिनियातल्या विंचेस्टरची ही बाई. तिला काउगर्लचा झालरीवाला पोशाख घालून यॉडल करायचं होतं; व्हायोलिनं नको होती. ओवेन ब्रॅडलीशी तिची कायम हुज्जत चालायची. १९६१ च्या जूनमध्ये मोटार अपघातात ती मरता मरता वाचली. ऑगस्टमध्ये विली नेल्सन नावाच्या तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या गीतकाराचं 'क्रेझी' रेकॉर्ड करायला आली ती बरगड्या दुखत असताना. गाणं तिला आवडलेलंच नव्हतं. नेल्सन स्वतः ठेक्याच्या मागे रेंगाळत गातो, त्याची ती चाल तिला उचलता येईना. त्यात वरचे सूर लावताना श्वास पुरेना. चार गाणी निघणाऱ्या सत्रात एकाच गाण्याचा फक्त वाद्यमेळ पदरात पडला. काही आठवड्यांनी ती परत आली आणि तयार साथीवर एका दमात गाऊन गेली. त्या वर्षअखेरीच्या 'शोकेस' या अल्बममध्ये ते आहे, आणि 'आय फॉल टू पीसेस'ही. हे दुसरं गाणं हेडफोन लावून ऐका. मागे, दारापलीकडून यावी तशी स्टील वाजते. वाजवणारा बेन कीथ, जो पुढे नील यंगच्या 'हार्वेस्ट'मध्ये भेटतो. ब्रॅडलीनं फिडलला घराबाहेर काढलं, पण स्टीलला माजघरात बसू दिलं होतं. ५ मार्च १९६३ ला विमान कोसळून पॅट्सी गेली, तिशीत. १९६७ मध्ये निघालेला तिचा 'ग्रेटेस्ट हिट्स' अमेरिकेत एक कोटीच्या वर खपला.

जिम रीव्हजच्या 'ही'ल हॅव टू गो'मधून मात्र स्टीलही गेली. तो माईकला जवळजवळ ओठ लावून, टेलिफोनवर बोलल्यासारखा गातो. हा माणूस १९६४ मध्ये विमान अपघातातच गेला, पण वसईत, वांद्र्यात, गोव्यात डिसेंबर उजाडला की अजून येतो. त्याचा १९६३ चा नाताळच्या गाण्यांचा अल्बम ज्या घरात वाजतो, त्या घरात त्याला कुणी कंट्री गायक म्हणून ओळखत नाही. म्हापशाला एका मित्राच्या आजीला मी तसं सांगितलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाद्रीबाबांना सिनेनट म्हणालो.

*

पण साठच्या दशकातला एकच अल्बम घ्यायचा झाला तर मी नॅशव्हिलचा घेणार नाही. १९६२ च्या एप्रिलमध्ये रे चार्ल्सचा 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक' आला. रे चार्ल्स कृष्णवर्णीय, अंध, सोल संगीताचा तेव्हाचा अनभिषिक्त राजा. फ्लोरिडात लहानपणी शनिवारी रात्री रेडिओवर ग्रँड ओल ऑप्री हा कंट्रीचा कार्यक्रम ऐकत तो वाढला होता. नव्या करारात काय गायचं ते ठरवायचा हक्क त्यानं मिळवला होता आणि तो हक्क त्यानं गोऱ्यांची खेडवळ गाणी गायला वापरला. कंपनीतल्या लोकांना हे चाहते गमावायचं लक्षण वाटलं. रेकॉर्डिंग न्यूयॉर्क आणि हॉलिवूडला झालं. फिडल नाही, बँजो नाही, स्टील नाही. कुठे दणदणीत जॅझ बँड, कुठे व्हायोलिनं आणि कोरस. डॉन गिब्सनचं 'आय कॅन्ट स्टॉप लव्हिंग यू' त्यानं असं गायलं की मागचा गोऱ्या वळणाचा कोरस शाळेची प्रार्थना म्हणतोय आणि पुढे एक माणूस रात्रीचा एकटा बसून आहे. अल्बम १४ आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर होता. कंट्रीच्या याद्यांत मात्र त्यातल्या गाण्यांना जागा मिळाली नाही. वाद्यं बदलली म्हणून, की कातडी वेगळी म्हणून? फिडल काढून पॅट्सी कंट्रीच राहते, स्टीलही काढून जिम रीव्हज राहतो. उत्तर वाचकानं काढावं.

अल्बम म्हणून बघायला गेलं तर त्या काळचे बहुतेक कंट्री अल्बम म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि भरताड. ग्लेन कॅम्पबेलचा 'विचिटा लाइनमन' (१९६८) माझा लाडका आहे, तरी खरं सांगायचं तर त्यातही ओटिस रेडिंगचं एक, बी जीजचं एक, अशी उसनवारी भरपूर. पण शीर्षकगीतासाठी शंभर गुन्हे माफ. जिमी वेबनं ओक्लाहोमाच्या सपाट माळावर टेलिफोनच्या खांबावर चढलेला कामगार बघितला होता. कॅम्पबेलनं नवीन गाणं मागितलं म्हणून त्यानं अर्धवट लिहिलेलं पाठवलं, तिसरं कडवं व्हायचं आहे असं सांगून. काही दिवसांनी चौकशी केली तर गाणं रेकॉर्ड होऊन बसलेलं. तिसऱ्या कडव्याची जागा कॅम्पबेलनं जाड तारांच्या सहा तारी बेसवर वाजवून भरली होती. आर्कान्सात जन्मलेला हा गडी लॉस एंजेलिसमध्ये वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर भाड्यानं गिटार वाजवत होता, त्यामुळे शब्द संपले म्हणून तो अडून राहणारा नव्हता. वरून व्हायोलिनं बारीक, तुटक वाजतात, तारायंत्राच्या टकटकीसारखी. त्या टकटकीत मला माळावरचा वारा ऐकू येतो. इथे स्टीलचं काम व्हायोलिनांनी केलं आहे आणि तक्रारीला जागा नाही.

*

सत्तरच्या दशकात भांडण चव्हाट्यावर आलं. १९७४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशननं वर्षातली सर्वोत्कृष्ट गायिका म्हणून ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला निवडलं. ती ऑस्ट्रेलियात वाढलेली, गोड गळ्याची, नॅशव्हिलशी देणंघेणं नसलेली. चिडलेले जुने गायक जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी जमले आणि त्यांनी स्वतंत्र संघटना काढली. नाट्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आपल्याकडे जसं होतं तसंच. पुढच्या वर्षी तर कडी झाली. वर्षातला सर्वोत्तम कलावंत जाहीर करायला मागच्या वर्षीचा विजेता चार्ली रिच मंचावर आला, पाकीट उघडलं, खिशातून लायटर काढला आणि कागद पेटवला. जळत्या कागदावरचं नाव होतं जॉन डेन्व्हर. डेन्व्हर दूर कुठेतरी उपग्रहावरून पडद्यावर दिसत होता, काय चाललंय याचा त्याला पत्ताही नव्हता. दारू आणि औषधं यांचा तो परिणाम होता असं रिचच्या घरच्यांनी पुढे सांगितलं. गंमत अशी की रिचचं स्वतःचं 'बिहाइंड क्लोज्ड डोअर्स' हे व्हायोलिनांच्या पाकातलं, पुरेपूर कंट्री पॉप होतं.

आणि डेन्व्हर? सह्याद्रीत कुठल्याही किल्ल्यावर रात्री शेकोटी पेटली आणि कुणाकडे गिटार असली की तिसरं-चौथं गाणं त्याचं 'कंट्री रोड्स' असतं, निदान आमच्या वेळी असायचं. वेस्ट व्हर्जिनियावरच्या या गाण्याची सुरुवात बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट यांना मेरीलँडमधल्या क्लॉपर रोडवरून गाडीनं जाताना सुचली. डॅनॉफनं वेस्ट व्हर्जिनिया तोवर पाहिलंही नव्हतं. २०१४ मध्ये त्या राज्यानं ते अधिकृत राज्यगीत करून टाकलं. राजमाचीवर 'घरी ने मला' म्हणून गळा काढणारे आम्ही तरी कुठे गेलो होतो!

या गदारोळात सगळ्यात शहाणी निघाली ती स्टुडिओ बीच्या भिंतीला धडकलेली. टेनेसीच्या डोंगरातल्या बारा भावंडांतली चौथी, डॉली पार्टन. १९७७ मध्ये तिनं ठरवून पॉपच्या बाजारात उडी घेतली. निर्माता गॅरी क्लाइन, स्टुडिओ लॉस एंजेलिसचा, 'हिअर यू कम अगेन' हे गाणं बॅरी मान आणि सिंथिया वाइल या शहरी जोडीचं. सगळं चकचकीत झाल्यावर डॉलीच धास्तावली. गावाकडचे म्हणतील, ही आपल्याला विसरली. तिनं हट्ट धरला की यात स्टील हवीच. अल पर्किन्सला बोलावून वाजवून घेतली. गाणं ऐकलं तर ती ऐन वेळी आलेल्या मामासारखी कोपऱ्यात उभी आहे. पण आहे. गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आणि पॉपच्या यादीत तिसरं आलं, आणि 'तू आमची उरली नाहीस' म्हणणाऱ्याला दाखवायला डॉलीकडे पुरावा होता. हिशेब इतका चोख की हसू येतं.

ऐंशीचं दशक मी भराभर ओलांडतो. केनी रॉजर्स, 'अर्बन काउबॉय' सिनेमाची लाट, सिंथेसायझर. माझ्या संग्रहात त्यातलं थोडंच आहे. १९८८ चा एक अल्बम तेवढा ठेवून घ्यावा: कॅनडाच्या के. डी. लँगचा 'शॅडोलँड'. तिला पॅट्सी क्लाइनचं इतकं वेड की निवृत्त ओवेन ब्रॅडलीला तिनं परत बोलावलं. म्हातारबा आले आणि तीस वर्षांपूर्वीचा तोच आवाज पुन्हा उभा केला. जी व्हायोलिनं एके काळी बाटग्यांची होती, तीच आता सोवळ्यातली झाली होती.

*

१९९१ साली एक गोष्ट घडली ती कुठल्याही स्टुडिओत नाही. तोपर्यंत बिलबोर्ड साप्ताहिक अल्बमचा खप ठरवायचं ते दुकानांना फोन करून. काउंटरवरचा पोरगा म्हणेल ते प्रमाण, आणि त्या पोराच्या लेखी कंट्री म्हणजे ट्रकवाल्यांचं गाणं. मे १९९१ पासून बारकोड मोजायला सुरुवात झाली. यंत्राला आवडनिवड नव्हती. सप्टेंबरात गार्थ ब्रुक्सचा 'रोपिन द विंड' आला तो मेटॅलिकाला बाजूला सारून थेट पहिल्या क्रमांकावर. याआधी कुठल्याच कंट्री अल्बमनं पहिल्याच आठवड्यात असं केलं नव्हतं. हा माणूस स्टेजवर दोरीला लटकून गायचा आणि अल्बममध्ये बिली जोएलचं गाणं घ्यायचा. मला तो फार रुचत नाही, पण त्या यंत्रानं त्याच्या बाजूनं जी साक्ष दिली ती ऐकायला मजा येते.

त्या दारातून शनाया ट्वेन आत आली. ऑन्टारियोच्या टिमिन्स गावात गरिबीत वाढलेली, लहानपणापासून दारूच्या गुत्त्यांत गायलेली. तिचा निर्माता आणि तेव्हाचा नवरा मट लँग. हा एसी/डीसी आणि डेफ लेपर्डचे अल्बम करणारा माणूस. त्यानं हेवी मेटलचे कोरस, टाळ्या आणि थर कंट्रीवर चढवले. नोव्हेंबर १९९७ चा 'कम ऑन ओव्हर' जगात सुमारे चार कोटी खपला. सोळापैकी बारा गाणी एकेकटी काढली. अमेरिकेच्या मुख्य यादीत मात्र तो कधी पहिला आला नाही, दुसऱ्यावरच राहिला. मूळ अल्बमवर पॉल फ्रँकलिनची पेडल स्टील आहे, फिडल आहे. पुढच्या वर्षी परदेशासाठी नवी आवृत्ती निघाली तेव्हा लँगनं तीच गाणी घेऊन हे आवाज खाली दाबले किंवा पुसले. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकल्या तर घर रंगवायला काढल्यावर भिंतीवरचे फोटो उतरवलेले असावेत, तसं वाटतं. 'अप!'च्या तीन रंगांची कल्पना यातूनच आलेली. लँगला कळून चुकलं होतं की बाईचा गळा आणि चाल पक्की असली की मागचा पडदा देशागणिक बदलता येतो.

हे टेलर स्विफ्टनं बरोबर हेरलं होतं. माझी भाची कोथरूडला असते, तिला तिची झाडून सगळी गाणी पाठ आहेत. तिला मी सांगितलं की तुझी टेलर मुळात कंट्री गायिका, तर म्हणाली, "मामा, काहीही." मग २००८ चा 'फिअरलेस' काढून बँजो ऐकवला. त्यातल्या 'लव्ह स्टोरी'चीही पॉप रेडिओसाठी वेगळी मिश्रित आवृत्ती निघाली होती, बँजो-फिडल बाजूला ठेवून. २०१० मध्ये या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. २०१४ च्या '१९८९'नं तिनं कंट्रीला रामराम ठोकला. पण २०२१ मध्ये हक्कांच्या वादातून 'फिअरलेस' पुन्हा गायला घेतला, तेव्हा तिनं जुन्या साथीदारांना बोलावलं आणि बँजो होता तिथे परत ठेवला. भाचीचं मत: "जुनं जास्त रडकं आहे." तिनं स्टीलचं नावही ऐकलेलं नाही, पण कान बरोबर जागी गेला.

केसी मसग्रेव्हजचा 'गोल्डन अवर' (२०१८) मला गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात सुंदर वाटतो. नॅशव्हिलला शेरिल क्रोच्या घोड्यांच्या तबेल्यावरच्या स्टुडिओत तो झाला. त्यातल्या 'ओ, व्हॉट अ वर्ल्ड'मध्ये यंत्रातून गाळलेला मानवी आवाज आणि बँजो एकमेकांना खेटून चालतात आणि कुणी कुणाला धक्का देत नाही. स्टील धुक्यासारखी कुठून येते आणि कुठे जाते ते कळत नाही. कंट्री रेडिओनं तो फारसा लावला नाही. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी त्यालाच मिळालं.

आणि मग २०२४ च्या मार्चमध्ये बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर', सत्तावीस तुकड्यांचा ऐसपैस पसारा. २०१६ मध्ये ती याच कंट्री म्युझिक असोसिएशनच्या सोहळ्यात गायली होती तेव्हा 'ही इथे कशाला' असा सूर उमटला होता. हा अल्बम त्याचं उत्तर आहे. कंट्री अल्बमच्या यादीत पहिली आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. असोसिएशननं त्या वर्षी तिला एकही नामांकन दिलं नाही. ग्रॅमीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये कंट्री अल्बमचंही आणि वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचंही बक्षीस दिलं. अल्बम पाऊण तासाचा असता तर जास्त बरा झाला असता, असं माझं मत आहे. पण त्यात मधूनच एक म्हातारा आवाज बोलतो, तो लिंडा मार्टेलचा. १९६९ मध्ये ऑप्रीच्या मंचावर एकटीनं गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय बाई. १९७० चा 'कलर मी कंट्री' हा तिचा एकुलता एक अल्बम. तो शोधून ऐका. स्टील त्यात मोकळेपणानं, पुढे येऊन वाजते. 'काउबॉय कार्टर'मध्येही ती आहे, '१६ कॅरेजेस'मध्ये. वाजवणारा रॉबर्ट रँडॉल्फ नॅशव्हिलच्या परंपरेतला नाही. कृष्णवर्णीयांच्या काही चर्चमध्ये ऑर्गनच्या जागी स्टील वाजते, शंभर वर्षं होत आली असतील, आणि तिथे ती रडत नाही, अंगात आल्यासारखी घुमते. रँडॉल्फ तिथला. म्हणजे गाण्याला गावठी ठरवते म्हणून सत्तर वर्षं जिला आत-बाहेर केलं, तिचं भलतंच दुसरं घर होतं.

*

नॅशव्हिलला निघायच्या दिवशी जुन्या रेकॉर्डांच्या दुकानात शिरलो. आत्तेभाऊ गाडीत एसी लावून बसला. खालच्या खणात 'अप!' होता, तीन डॉलर. उघडून बघितला: लाल आणि हिरवी.

पुण्यात आणला तेव्हा लक्षात आलं की घरात सीडी वाजेल असं काही उरलेलंच नाही. एक जुनी गाडी तेवढी होती, सोसायटीच्या कोपऱ्यात, आठवड्यातून एकदा चालू करायची म्हणून ठेवलेली. रविवारी आईला म्हटलं, चल, बस जरा. पाऊस होता. ती शाल घेऊन पुढच्या सीटवर बसली. हिरवी सीडी आत सरकवली. आधी बँजो आला, मग फिडल. वीस वर्षांची ओळखीची गाणी नातेवाइकांच्या लग्नातल्या कपड्यांत भेटत होती. मग एका संथ गाण्यात मागून तो घसरता सूर आला.

आईनं मान वर केली.

"हे तर आपलं रेडिओवरचं," ती म्हणाली. "बातम्यांच्या आधी लागायचं. त्यावर मी कुकर चढवायचे."

मग म्हणाली, काच लाव, पावसाचा आवाज फार येतोय.